जलतरणपटूची सगळी वर्षे मोजा

मराठी वृत्तपत्रांचे क्रीडा संपादक, उपसंपादक आणि वार्ताहर यांस,



मी बीदर तालुक्यातल्या कमठाण्याहून लिहीत आहे. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि घरात मराठी चालते. मराठी वर्तमानपत्र महाराष्ट्राच्या बाजूने येते. थोडे उशिरा येते, पण येते. आणि खेळाचे पान सगळ्यांत आधी उघडणारी मुले आमच्या गावात अजून आहेत. त्यांना कन्नड वाचता येते, इंग्रजीही थोडेफार येते. पण खेळाडूची गोष्ट ती मराठीत वाचतात, कारण ती घरी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवता येते. म्हणून हे पत्र तुम्हांला.

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी जलतरणपटू वीरधवल खाडेची निवड केली. तो कोल्हापूरचा मराठी मुलगा, आणि घडला बंगळुरूत, प्रशिक्षक निहार अमीन यांच्या हाताखाली. सीमेवरच्या मुलांना तो दोन्हीकडून आपला वाटतो. जुनी वर्तमानपत्रे आणि रद्दी चाळून कात्रणे जमली. २००८ ची काही, २०१० ची पुष्कळ, २०१८ ची थोडी, २०२३ ची मोजकी. मुलांनी ती वर्षवार चिकटवली तेव्हा तक्ता मधोमध रिकामा राहिला. एका मुलीने विचारले, "सर, २०१० चं पदक मिळाल्यावर पुढची आठ वर्षं हे कुठं होते?" याचे उत्तर एकाही कात्रणात नव्हते. त्या रिकाम्या जागेबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे.

तुमच्या कामाबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच बोलतो. क्रिकेटचा धावफलक वाचायला आम्हांला तुम्ही शिकवले. निव्वळ धावगती म्हणजे काय हे आज गावातला सातवीचा मुलगा समजावून सांगतो, ते तुमच्यामुळे. कुस्तीतला कोणता डाव कोणी कसा टाकला हे तुम्ही असे लिहिता की मैदानात न गेलेल्या माणसालाही लढत दिसते. ही ताकद तुमच्या लेखणीत आहे. जलतरणाच्या वाट्याला ती येत नाही, एवढेच माझे दुःख आहे.

आता तक्रारी एकेक करून मांडतो आणि प्रत्येकीबरोबर विनंतीही करतो.

पहिली तक्रार अशी की तुम्ही क्रमांक छापता आणि वेळ गाळता. पोहण्यात खेळाडूचे खरे मोजमाप वेळ आहे. क्रमांक शेजारच्या लेनमध्ये कोण आहे यावरही ठरतो. वेळ मात्र फक्त त्याची असते. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेचे उदाहरण घ्या. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत वीरधवल चौथा आला. आमच्या कात्रणांतल्या बातमीचा सारांश होता, 'पदक थोडक्यात हुकले'. थोडक्यात म्हणजे किती? त्याची वेळ २२.४७ सेकंद, आणि कांस्यपदक मिळवणाऱ्या जपानच्या शुनिची नाकाओची २२.४६. सेकंदाचा एक शतांश. या वेगाने पोहणारा माणूस सेकंदाला सव्वादोन मीटर पाणी कापतो. म्हणजे पन्नास मीटरच्या शेवटी दोघांत अंतर होते साधारण दोन सेंटिमीटरचे, बोटाच्या एका पेराएवढे.

गोष्ट इथेच संपत नाही. त्याच स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत वीरधवलने २२.४३ सेकंद वेळ दिली होती. तीच वेळ अंतिम फेरीत आली असती तर कांस्य त्याचे होते. हे वाक्य किती मोठे आहे! पोहणाऱ्याला एकाच दिवशी दोनदा आपली सर्वोत्तम वेळ काढावी लागते, मधल्या तासांत शरीर सावरावे लागते, भिंत गाठताना हात नेमक्या क्षणी लांबवावा लागतो, आणि यातली एक गोष्ट शतांशाने मागे राहिली की चार वर्षे निघून जातात. हे सगळे मुलांना सांगायला तीन आकडे पुरतात: २२.४३, २२.४६ आणि २२.४७. ते कात्रणात नव्हते. मी ते इतरत्र शोधून तक्त्यावर लिहिले, आणि वर्गातली मुले फळ्याजवळ येऊन बोटाचे पेर पट्टीने मोजू लागली.

शतांशावरच का थांबतात, हेही वाचकाला सांगण्यासारखे आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेचे सुवर्ण स्वीडनच्या गुन्नार लार्सनला अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी मिळाले. एवढ्या वेळात पोहणारा जेमतेम काही मिलिमीटर पुढे सरकतो. तलाव बांधताना एका लेनची लांबी दुसरीपेक्षा त्याहून अधिक कमीजास्त होऊ शकते. म्हणून पुढे शतांशापर्यंतच मोजायचे आणि बरोबरी झाली तर दोघांनाही पदक द्यायचे असे ठरले. अशी एक चौकट वर्षातून एकदा छापली तरी वाचक पुढच्या प्रत्येक शर्यतीकडे वेगळ्या नजरेने पाहील. माझी विनंती: जलतरणाचा निकाल वेळेशिवाय छापू नका. जागा कमी असेल तर विशेषणे गाळा, वेळ गाळू नका.

दुसरी तक्रार विक्रमांविषयी. 'विक्रमी कामगिरी' असा मथळा येतो, पण विक्रम कोणता ते कळत नाही. पन्नास मीटरच्या तलावातला विक्रम वेगळा आणि पंचवीस मीटरच्या तलावातला वेगळा. लहान तलावात भिंती जास्त वेळा येतात, प्रत्येक भिंतीला पाय मारून वेग मिळतो, म्हणून तिथली वेळ नेहमीच कमी भरते. त्या स्पर्धेतला आजवरचा सर्वोत्तम, राज्यातला सर्वोत्तम आणि देशातला सर्वोत्तम हे तीन निरनिराळे विक्रम आहेत. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. राष्ट्रीय विक्रम म्हणून नोंद होते ती राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत दिलेल्या वेळेची. भारतीय खेळाडूने परदेशात त्याहून चांगली वेळ दिली तर ती 'सर्वोत्तम भारतीय वेळ' म्हणून वेगळी धरली जाते. या दोन्ही गोष्टी एकाच मथळ्याखाली आल्या की मुले गोंधळतात आणि खेळाडूवरही अन्याय होतो.

पोशाखाचाही मुद्दा आहे. २००८ आणि २००९ ही दोन वर्षे जगभर पाण्याचा अवरोध कमी करणाऱ्या पोशाखांची होती. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने ते पोशाख बंद केले. त्या दोन वर्षांतल्या वेळा आणि नंतरच्या वेळा शेजारी ठेवताना ही ओळ लिहायला हवी. वीरधवलचा १०० मीटर फ्रीस्टाइलमधला २००८ चा उच्चांक दहा वर्षांहून अधिक काळ देशात कोणी मोडू शकले नाही. हा त्याचा मोठेपणा आहेच. पण हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता: एवढी वर्षे दुसरा कोणी तिथवर का पोहोचला नाही? आपल्या जलतरणाची स्थिती काय होती? विक्रम मोडतो तेव्हा बातमी होते. तो वर्षानुवर्षे मोडत नाही, हीसुद्धा बातमी आहे. माझी विनंती: विक्रम लिहिताना तलावाची लांबी, स्पर्धेचे नाव, आधीची वेळ आणि ती कोणाची होती, एवढ्या चार गोष्टी द्या.

तिसरी तक्रार सगळ्यांत महत्त्वाची आहे. जलतरणपटू तुमच्या पानावर स्पर्धेच्या आठवड्यातच दिसतो. शेतीच्या पानावर तुरीचा भाव छापायचा आणि पेरणीपासूनच्या पावसाबद्दल एक अक्षर लिहायचे नाही, असे तुमच्याकडे होत नाही. मग पोहणाऱ्याच्या बाबतीत फक्त काढणीचा दिवस का?

वीरधवलची वर्षे ओळीने मांडून पाहा. जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. २००८ च्या ऑगस्टमध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आधी, तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला. १०० मीटरमध्ये त्याने आपली हीट जिंकली, तरी पुढच्या फेरीत गेला नाही. कारण पुढे जातात ते सर्व हीट मिळून सर्वांत कमी वेळ देणारे सोळा जण. हीट जिंकूनही बाहेर कसा, हे तेव्हा किती वाचकांना उमगले असेल? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धेत त्याने सुवर्णपदके मिळवली. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्य. खजान सिंगने १९८६ मध्ये सोलला २०० मीटर बटरफ्लायचे रौप्य आणले होते. त्यानंतर तब्बल २४ वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा.

आणि मग तो रिकामा भाग येतो. वीस ते सत्तावीस ही पोहणाऱ्याच्या ताकदीची वर्षे. या वर्षांत तो महाराष्ट्र शासनात तहसीलदार झाला, मालवणला काम केले, आणि मधली काही वर्षे स्पर्धेच्या पाण्यापासून दूर राहिला. शासनाने खेळाडूला नोकरी दिली हे चांगलेच झाले. त्या नोकरीमुळे घर चालते, आईवडिलांची काळजी मिटते. पण तहसीलदाराची खुर्ची म्हणजे पाणीटंचाई, वाळूचे डंपर, निवडणुकीचे काम, सातबाऱ्याच्या तक्रारी. आणि पोहणाऱ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. ही दोन वेळापत्रके एका माणसाच्या दिवसात बसत नाहीत. त्यातून परत येऊन सत्ताविसाव्या वर्षी तो जाकार्तात आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देतो, हा मराठी खेळाच्या इतिहासातला एक थोर पराक्रम आहे. पण मधली वर्षे कुणी लिहिलीच नाहीत, त्यामुळे वाचकाला तो पराक्रम दिसला नाही, दिसला फक्त चौथा क्रमांक.

मधल्या वर्षांत तुम्ही विचारायला हवे होते असे प्रश्न होते. खेळाडूला नोकरी देताना सरावाची रजा किती, पगारी की बिनपगारी? नेमणूक तलाव असलेल्या शहरात की तलाव नसलेल्या गावात? स्पर्धेला किती महिने आधी सोडणार? हे प्रश्न कोणा एका अधिकाऱ्याला दोष देण्यासाठी नाहीत. ते धोरणाचे प्रश्न आहेत, आणि खेळाडू स्वतः ते विचारू लागला तर तक्रारखोर ठरतो. ते तुम्हीच विचारायचे. माझी विनंती: पदक मिळालेल्या प्रत्येक खेळाडूची वर्षातून एकदा, कोणतीही स्पर्धा नसताना, भेट घ्या. सध्याची वेळ किती, सराव कुठे, खर्च कोण करते, दुखापत कोणती, एवढे लिहा. अर्धा कॉलम पुरे.

या तक्रारीचाच एक धागा २०२० चा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तलाव बंद झाले. धावपटू घराच्या गच्चीवर धावला, मल्लाने आखाड्यात नाही तर अंगणात जोर काढले. पाण्याबाहेर पोहता येत नाही. जूनमध्ये वीरधवलने निवृत्तीचा विचार करावा लागेल असे जाहीरपणे म्हटले. खेळाडूंच्या सरावासाठी तलाव उघडायला केंद्राची परवानगी आली ती ऑक्टोबरमध्ये. सात महिने पाण्याला हात नाही, आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिक. त्या काळात ही बातमी पहिल्या पानावर जायला हवी होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात केरळच्या साजन प्रकाशने रोममध्ये २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पार केले. ऑलिंपिकची थेट पात्रता १ मिनिट ५६.४८ ची होती. ती वेळ गाठणारा तो पहिला भारतीय. पाठोपाठ बंगळुरूच्या श्रीहरी नटराजने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७ सेकंद देऊन तीच मजल मारली. बंद तलावांचे महिने आधी छापले गेले असते तर एका दशांशाने मिळालेल्या या यशाचे वजन वाचकाने बरोबर ओळखले असते.

चौथी तक्रार मुरलीकांत पेटकरांच्या निमित्ताने. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा हा सैनिक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकले, तेही जागतिक विक्रमासह. भारताचे हे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. घराघरांत नाव पोहोचले २०२४ मध्ये, 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आल्यावर. अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. सांगलीच्या माणसाची कथा मराठी मुलाला हिंदी चित्रपटातून कळावी, याचे मला फार वाईट वाटते. बावन्न वर्षे ती तुमच्या हाताशी होती.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा सुयश जाधव तर आजच्या पिढीचा आहे. विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेला हा मुलगा वडिलांच्या शिकवणीने पोहत राहिला, २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकला गेला, २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण घेऊन आला आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याची बातमी लिहिताना अपघाताला चार परिच्छेद आणि पोहण्याला एक, असे प्रमाण असते. कृपा करून ते उलटे करा. हातांशिवाय बटरफ्लाय कसा मारतात, छाती आणि कमरेच्या लाटेतून वेग कसा येतो, पॅरा स्पर्धेत गट कसे पाडतात, हे लिहा. सहानुभूतीने वाचक हळहळतो आणि पान उलटतो. समजले तर तो पुढच्या शर्यतीची वाट पाहतो.

पाचवी तक्रार मुलींची. २०२३ मध्ये गोव्यातल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवलने ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले आणि निवृत्ती जाहीर केली. त्याच स्पर्धेत, त्याच अंतराचे महिलांचे सुवर्ण ऋजुता खाडेने जिंकले. बातमीत ती 'वीरधवलची पत्नी' म्हणून आली. तिची वेळ, तिची शर्यत, तिची पुनरागमनाची वर्षे कुठे आली? मुलींचे पोहणे वयात येताना का सुटते, घरचे काय म्हणतात, तलावावर मुलींसाठी वेळ आणि शिक्षिका आहेत का, हे विषय आमच्या गावातल्या मुलींना रोज भेटतात. तिच्यासारखीच्या तोंडून त्यांची उत्तरे आली तर आईबाप ऐकतील. मी सांगून ऐकत नाहीत, तुम्ही छापलेले ऐकतात.

सहावी आणि शेवटची तक्रार आमच्या भागाची. ती लिहिताना शब्द जरा कडक झाले तर समजून घ्या. पोहण्याविषयी आमच्या बीदर-कलबुर्गीच्या बातम्या तुमच्याकडे येतात त्या एकाच प्रकारच्या: विहिरीत बुडून मृत्यू, शेततळ्यात दोन भावंडे बुडाली, सुट्टीत तलावावर गेलेले विद्यार्थी परतले नाहीत. आतल्या पानावर चार ओळी. पाणी आम्हांला परके नाही. बीदरजवळ नौबादला बहमनी काळातली करेझ जमिनीखालून पाणी वाहून नेत होती. झरणी नरसिंहाच्या गुहेत भाविक आजही छातीएवढ्या पाण्यातून चालत दर्शनाला जातात. मांजरा नदी आहे, कारंजा धरण आहे, कमठाण्याचा जुना तलाव आहे. गेल्या काही वर्षांत त्यांत प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांची भर पडली. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, हाताला काहीतरी लागते. शेततळ्याच्या गुळगुळीत उतारावर पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे अवघड जाते. दोर नाही, ट्यूब नाही, कुंपण नाही.

जुन्या पिढीला पोहणे शिकवावे लागत नसे. कमरेला वाळलेला भोपळा नाही तर पांगाऱ्याचे लाकूड बांधून काका-मामा विहिरीत सोडत. आता विहिरींचे पाणी खोल गेले, काका-मामा पुण्या-हैदराबादला गेले, आणि मुले न शिकताच पाण्याकडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी एकोणतीस वर्षांच्या आतली. आपल्या देशाच्या सरकारी नोंदीत दरवर्षी तीस हजारांहून अधिक बळी असतात. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडून होणारे मृत्यू रोखण्याचा दिवस ठरवला आहे. तो दिवस ऐन पावसाळ्यात येतो, तळी भरलेली असतात, आणि त्या दिवशी तुमच्या पानावर त्याची ओळसुद्धा नसते.

हा विषय क्रीडा पानाचा नाही असे तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, तो आधी तुमचाच आहे. विक्रमवीर घडतो तो ज्या गावात शंभर मुले पोहायला शिकतात तिथे. कोल्हापूरला पंचगंगेचा घाट आहे, पोहण्याची परंपरा आहे, म्हणून तिथून वीरधवल निघाला. आमचे कर्नाटक राज्य तर जलतरणात देशात आघाडीवर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचे दोनच जलतरणपटू गेले, श्रीहरी नटराज आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंगू, आणि दोघेही बंगळुरूचे. त्यांचा मला अभिमान आहे. पण बंगळुरू इथून जवळपास सातशे किलोमीटरवर आहे. आमच्या मुलाने तिथवर जायचे तर आधी त्याला कुणीतरी पोहताना पाहिले पाहिजे.

आमच्या मागास भागासाठी २०१२ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(जे) आले, कल्याण कर्नाटक भागाचे स्वतंत्र विकास मंडळ आहे. त्या मंडळाला तुमच्या सीमाभागातल्या वार्ताहराने विचारावे: शाळकरी मुलांना पोहायला शिकवण्यावर किती खर्च होतो? जिल्ह्यात प्रशिक्षित शिक्षक किती? शेततळ्याला कुंपण आणि दोर सक्तीचे का करत नाही? आम्ही निवेदन दिले की पोच मिळते. तुम्ही विचारले की उत्तर मिळते. माझी विनंती: बुडाल्याची बातमी छापाल तेव्हा खाली एक ओळ द्या, त्या तालुक्यात पोहणे कुठे शिकता येते. शिकण्याची सोय नसेल तर तसे स्पष्ट लिहा.

मागणे फार नाही. तुमच्याकडे माणसे कमी, पाने कमी, जाहिराती जास्त, हे बाहेरून पाहणाऱ्यालाही कळते. तरी या गोष्टींना पैसा लागत नाही. निकालपत्रकातली वेळ उचलून छापायची. वार्ताहराला जलतरणाचे नियम एकदा समजावून द्यायचे. पाच-सहा मराठी जलतरणपटूंची नावे डेस्कवर लिहून ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी त्यांची वेळ विचारायची. आमच्याकडून जे होईल ते आम्ही करू. तुम्ही छापलेली प्रत्येक वेळ आमची मुले वहीत उतरवतील, आणि चुकली तर तारखेसह पत्र लिहून कळवतील.

शेवटी एक गोष्ट. वीरधवलने ग्वांगझूला ज्या ५० मीटर बटरफ्लायमध्ये पदक मिळवले, ती शर्यत तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. आपल्या पदकाच्या प्रकारात ऑलिंपिकला उतरण्याची संधी त्याला कधी मिळाली नाही. ५० मीटर बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या शर्यती २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून सुरू होत आहेत. त्या शर्यतींसाठी आज कुठल्या ना कुठल्या तलावात मराठी मुले-मुली सराव करत असणार. त्यांच्या वेळा आत्तापासून छापायला लागा. त्यांच्यातले कोणी तिथे पोहोचले तर वाचकाला नाव नव्याने सांगावे लागणार नाही, आणि नाही पोहोचले तरी का नाही पोहोचले हे आपल्याला ठाऊक असेल. खेळाडूला सांभाळण्यात वर्तमानपत्राचा वाटा एवढा तरी असावा, आणि तो तुम्ही उचलाल अशी मला खात्री वाटते.

आपला नम्र,
शारीरिक शिक्षण शिक्षक आणि नियमित वाचक
कमठाणा, ता. जि. बीदर